‘स्नार्ल अप’ला मराठीत काय म्हणावं?

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले, एका शब्दापाशी अडून बसले आहे. लहान मुलांसाठीची एक इंग्रजी गोष्ट मराठीत करतेय. गोष्ट अगदी छोटी. आजी नातीसाठी स्वेटर विणत बसलीय. घरात कुत्र्याचं नवीन पिल्लू आलंय. ते लोकरीच्या गुंड्यावर आधी गुरगुरतं, मग झडप घालून सगळ्या लोकरीचा गुंता करतं. तिकडे आजोबांची बस रस्त्यात रखडते. संध्याकाळी आजी म्हणते, आजचा सगळा बेतच विस्कटला.

खरी गंमत अशी की इंग्रजीत या चारही जागी लेखिकेने ‘स्नार्ल’च वापरलाय. पिल्लू गुरगुरतं ते स्नार्ल. लोकर, रस्ता आणि बेत, तिन्हींचं होतं ते ‘स्नार्ल अप’. मुलं मोठ्याने वाचतात तेव्हा तो शब्द पुन्हा आला की खुदकन हसतात, सगळी मजा त्या पुनरुक्तीत आहे. मी चार जागी चार शब्द घातले तर अर्थ पोचेल, पण गोष्ट मरेल.

आतापर्यंत खोडलेले शब्द: गुंतवणे, विस्कटणे, घोळ घालणे, गोंधळ उडणे, बिनसणे. अजून काय सुचतंय?

---

पेठेतला_वाचक

गुंतवणे खोडलंत ते बरंच झालं. ‘पिल्लाने लोकर गुंतवली’ असं वाचलं की व्याज किती टक्के मिळालं ते विचारावंसं वाटतं. :)

---

सुईदोरा

हो ना! अगदी हेच. ‘गुंतणे’ आपोआप होणाऱ्या गोष्टीला छान चालतं. पण कुणीतरी ते केलं असं सांगायला गेलं की ‘गुंतवणे’ थेट बँकेत जाऊन बसतं. नाहीतर ‘मुलांना खेळात गुंतवणे’कडे वळतं. गुंता करणाऱ्यासाठी सुटसुटीत क्रियापदच उरलेलं नाही.

---

कांडीवाला_इचल

मी इचलकरंजीचा, तीन पिढ्या यंत्रमागावर. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तेव्हापासून इथल्या माणसाचा अर्धा दिवस धागा तुटणे, सांधणे आणि गुंतणे यातच जातो, म्हणून या धाग्यावर लिहिणं भागच आहे.

ताई, ‘स्नार्ल’ हा आमच्या धंद्यातलाही शब्द आहे, पण त्याचा अर्थ सरसकट गुंता असा नाही. सुताला पीळ जास्त बसला आणि ते सैल सोडलं, की ते स्वतःभोवतीच वळतं आणि मध्येच बारीक कडी उभी राहते. त्याला इंग्रजीत स्नार्ल म्हणतात. करून बघायचं असेल तर हातभर दोरा घ्या. दोन्ही टोकं धरून एका दिशेने पीळ देत राहा. आता दोन्ही हात हळूच जवळ आणा. मधोमध दोरा उडी मारून स्वतःला मिठी मारेल. ती कडी मागावर तशीच विणली गेली तर कापडात गाठीसारखा दोष दिसतो, आणि व्यापारी बोट ठेवून पैसे कापतो. म्हणून जास्त पिळाच्या सुताला वाफ देतात. पीळ बसतो आणि सूत शांत होतं.

दुसऱ्या कुणी ओढाताण केल्यावर होतो तो गुंता. हा स्वतःच्या पिळामुळे होतो. आम्ही म्हणतो, ‘सुताला पीळ चढलाय.’

---

अनुस्वार

इचलकरंजीकर, फार सुंदर सांगितलंत. आत्ताच शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन करून पाहिलं. खरंच उडी मारतो!

यावरून आठवलं. आपल्याकडे ‘पीळ’ माणसालाही असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इंग्रजीत सूत वळलं की तक्रार होते, आपल्याकडे पिळाला थोडा मानही आहे. ‘पीळदार’ म्हटलं की डोळ्यांसमोर मिशी आणि दंड येतात.

---

यॉर्कशायरी_मराठी

मी गेली बावीस वर्षं लीड्सला. हा भागच लोकरीच्या गिरण्यांचा. गिरण्या बऱ्याचशा बंद पडल्या, शब्द मात्र बोलण्यात राहिले. सकाळी गाडीतल्या रेडिओवर रस्त्यांची खबर देताना ‘स्नार्ल-अप’ हमखास ऐकू येतो. हा बोलण्यातला शब्द आहे, सरकारी पत्रात कुणी लिहिणार नाही. त्यामुळे भाषांतरही घरगुती हवं. ‘वाहतूक विस्कळीत झाली’ ही बातम्यांची भाषा झाली, आजीच्या तोंडी शोभणार नाही.

आणखी एक. गुरगुरण्याचा स्नार्ल आणि गुंत्याचा स्नार्ल हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. गुंत्याचा आलाय ‘स्नेअर’वरून, म्हणजे फासा, पक्षी धरायचा दोरीचा. दोघांचा उच्चार सारखा झाला हा योगायोग. तुमच्या लेखिकेने त्या योगायोगाचा खेळ केलाय.

---

सुईदोरा

हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, लोकर चिडल्यासारखी दिसते म्हणून तिलाही गुरगुरणं म्हणत असतील. दोन वेगळे शब्द असतील तर मराठीतही दोन सारख्या आवाजाचे शब्द चालतील. एकच शब्द शोधायची सक्ती राहत नाही!

---

घाटरस्ता

रस्त्याबद्दल बोलतो, रोज पुणे-मुंबई करतो म्हणून. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘ट्रॅफिक स्नार्ल्स’ जवळपास रोज छापतात. शेजारी मराठी पेपर उघडा, तिथे ‘वाहतूक कोंडी’. दोन्ही शब्दांमागची चित्रं किती वेगळी आहेत बघा. इंग्रजी माणसाला वरून दिसतो दोऱ्याचा गुंता. मराठी माणूस आत बसलाय, त्याला कोंडून घातलंय, दार बंद आहे. बोरघाटात दोन तास उभं राहिल्यावर मला तरी आपलाच शब्द खरा वाटतो.

म्हणून माझं मत, रस्त्याला कोंडीच ठेवा. शब्दाच्या खेळापायी चांगला शब्द घालवू नका.

---

अनुस्वार

घाटरस्ता, शब्द चांगला आहे हे मान्य. पण गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलांची आहे. लोकर आणि रस्ता एकसारखे दिसतात ही कल्पनाच मुलांना आवडेल. वरून पाहिलेला चौक खरोखर गुंड्यासारखा दिसतो. चित्रकाराने तसंच चित्र काढलं असेल तर ‘कोंडी’ने ते चित्र वाया जाईल.

---

सुईदोरा

चित्र तसंच आहे. रस्ते लोकरीच्या रंगांचे काढलेत.

---

दर्यावर्दी_हर्णै

आमच्याकडे गुंता म्हणजे जाळं आणि दोर. मी बोटीवर सोळा वर्षं काढली. दोर गुंडाळायची एक रीत असते. उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच गुंडाळायचा. उलटा गुंडाळलात तर दोर आपल्या पिळाशी भांडतो, अंगाला अढ्या पडतात आणि नेमका घाईच्या वेळी अडतो. नवीन पोरगा बोटीवर आला की पहिले आठ दिवस त्याला हेच शिकवायचं.

इंग्रजी बोटींवर ‘फाउल’ म्हणतात. नांगराला दोर गुरफटला की तो फाउल अँकर. ‘फाउल अप’ हे त्याच पठडीतलं, आणि आता ते कुठल्याही बिघडलेल्या कामाला म्हणतात. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या चिन्हात नांगराभोवती दोर वेढलेला दिसतो तो हाच. खलाशाला जे बघून घाम फुटतो तेच त्यांनी चिन्हात घेतलं, याचं मला कायम नवल वाटतं.

---

मालवणी_माड

आमच्याकडे ‘जाळा गुतला’ म्हणतत. अनुस्वार गेलो, काम सोपा झाला.

---

अनुस्वार

मालवणी_माड, माझ्या समोर असं बोलणं बरं नव्हे. ;)

---

पेठेतला_वाचक

दर्यावर्दी, तुम्ही सहज ‘गुरफटला’ लिहून गेलात. ताई, ते वाक्य पुन्हा वाचा. गुरगुरणे आणि गुरफटणे!

---

सुईदोरा

!!!!

पेठेतले वाचक, तुम्हाला साष्टांग नमस्कार. आणि दर्यावर्दी दादा, तुम्हाला आधी. ‘पिल्लू आधी गुरगुरलं आणि मग गुरफटलं.’ दोन्ही ‘गुर’ने सुरू होतात. मुलांना वाचताना जीभ घोळवायला किती मजा येईल! चार दिवस शब्दकोश चाळतेय आणि हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

---

मोरपीस७

थांबा थांबा, घाई नको. गुरफटणे म्हणजे अंगाभोवती गुंडाळलं जाणं. साडी पायात गुरफटते, पांघरुणात माणूस गुरफटतो. इथे गुरफटलं ते पिल्लू. लोकरीचं काय झालं ते यातून कळत नाही. इंग्रजीत तर लोकर बिघडली, मुद्दा तो आहे. आणि रस्ता तर गुरफटणारच नाही.

---

घाटरस्ता

मोरपीस७ शी सहमत. म्हणून म्हणतो, कोंडी.

---

ध्वनिव्यवस्था

मी कार्यक्रमांना साउंड लावतो. केबलच्या गुंत्यावर चार शब्द, जमलं तर ताईंच्या कामी येतील.

लोक केबल कोपर आणि अंगठ्याच्या बेचक्यात गोल गोल गुंडाळतात. त्यात प्रत्येक वेढ्याला एक पीळ आत भरला जातो. पुढच्या कार्यक्रमाला केबल फेकली की तो सगळा पीळ बाहेर येतो आणि इचलकरंजीकर म्हणाले तशा कड्या पडतात. आम्ही एक वेढा सरळ घेतो आणि पुढचा हात उलटा फिरवून घेतो. एकाचा पीळ दुसरा खातो. शेवटी टोक धरून केबल फेकली की स्टेजभर सरळ पसरते. पहिल्यांदा हे जमलं त्या रात्री मी रिकाम्या मंडपात वीस वेळा केबल फेकून बघितली होती.

पण टोक चुकून वेढ्यांमधून गेलं, की ओळीने गाठीच गाठी. म्हणून टोकं आधी बांधायची.

---

गणिती_खडू

ध्वनिव्यवस्था यांचं टोकाबद्दलचं निरीक्षण प्रयोगानेही दिसलंय. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या रेमर आणि स्मिथ या दोघांनी एका खोक्यात दोरी टाकून खोकं फिरवलं. एकूण ३४१५ वेळा. काही सेकंदांतच गाठी पडत. १२० वेगवेगळ्या प्रकारच्या गाठी मिळाल्या. दोरी साधारण ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळजवळ पडतच नाही. लांबी वाढली की शक्यता झपाट्याने वाढते, मग एका मर्यादेला थांबते. कारण त्यांनी असं मांडलं की वेढे एकमेकांशेजारी पडलेले असतात आणि मोकळं टोक त्यांच्या वरून-खालून जात राहतं, वेणी घालावी तसं. २००८ साली त्यांना इग नोबेल मिळालं. हसवणारं पारितोषिक आहे खरं, पण काम पक्कं आहे.

म्हणजे पिल्लू नसतं तरी लोकर गुंतलीच असती, जरा उशिरा.

---

आजोळ_मिरज

मी बासष्ट वर्षांची. नातवाने हा धागा वाचून दाखवला, तोच टंकतोय.

तुम्ही सगळे दोरा, दोर, केबल म्हणताय. बायकांचा रोजचा गुंता केसांचा असतो आणि त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, गुंतवळ. विंचरल्यावर फणीत येतो तो केसांचा पुंजका. माझी आई तो बोटाभोवती फिरवून चिंचोक्याएवढी गोळी करायची आणि भिंतीतल्या कोनाड्यात डब्यात टाकायची. डबा भरला की तिच्याच केसांचं गंगावन करून घ्यायची. काहीजणी केसवालीला देऊन त्यावर भांडं घ्यायच्या. टाकून देण्याची गोष्ट नव्हती ती.

मी विंचरताना रडायचे. आई म्हणायची, ‘मुळापासून ओढू नकोस, टोकाकडून सोडव.’ खोबरेल बोटांना लावून शेवटच्या वीतभर केसांपासून सुरुवात. मग थोडं वर, मग आणखी थोडं वर. लोकरही मी तशीच सोडवते. लडीचा गुंडा करताना आई माझे दोन्ही हात पुढे करायला लावायची, त्यावर लडी ताणून ठेवायची आणि ती गुंडाळत जायची. मी हात डावी-उजवीकडे डोलवायचे तिच्या तालावर. एकदा माशी बसली म्हणून मी हात सोडला. सगळी लडी मांडीवर. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘काय गुंता करून ठेवलास गं!’

---

यॉर्कशायरी_मराठी

आजी, तुमच्या आईंनी उत्तर देऊन ठेवलंय.

बराच वेळ मी ‘स्नार्ल’वर विचार करत होतो, खरं तर ‘अप’वर करायला हवा होता. इंग्रजीत मिक्स, मेस, टँगल, फाउल, प्रत्येकाला ‘अप’ जोडता येतं. ते ‘अप’ वर जाणं सांगत नाही. काम पुरतं झालं, आता मागे फिरणं कठीण, असं सांगतं. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं. करून ठेवलं. ‘गुंता केला’ आणि ‘गुंता करून ठेवला’ यांत जो फरक आहे, तोच साध्या ‘स्नार्ल’ आणि ‘स्नार्ल अप’मध्ये. आणि आपल्या ‘ठेवला’त तर थोडी तक्रारही येते. कुणीतरी केलंय आणि आता निस्तरायचं मला आहे.

---

अनुस्वार

वा! आणि ‘ठेवणे’ एकटं नाही. बसणे, पडणे, टाकणे, राहणे, सगळी आहेत. ‘गुंता होऊन बसला’ म्हटलं की कुणाची चूक नाही, तरी हलत नाही. ‘अडकून पडलो’त माणूस हतबल आहे. ‘फाडून टाकलं’मध्ये मोकळं झाल्याची भावना. एका इंग्रजी ‘अप’ला आपल्याकडे चार-पाच छटा. भाषांतर करताना हे हातातून सुटतं, कारण शब्दकोशात आपण पहिलाच शब्द शोधतो.

---

मोरपीस७

याला माझी पूर्ण मान्यता. ‘तिढा’ सुचवणार होते, पण तो आता जागावाटपालाच लागतो. लहान मुलांना नको.

---

पेठेतला_वाचक

‘पेच’ही राहिला. स्क्रूला पेच, अडचणीला पेच, पतंगाच्या लढाईला पेच. इंग्रजीतही स्क्रूला ‘अप’ जोडून बिघाडच होतो. पिळाचं चित्र दोन्हीकडे एकच. पण मुलांच्या पुस्तकात तो इंग्रजी शब्द नको आणि पेचही जड होईल, म्हणून नोंद फक्त इथे.

---

कांडीवाला_इचल

उलट बाजूही बघा. इंग्रजीत ‘रॅव्हल’ म्हणजे गुंतणंही आणि सुटणंही, एकाच शब्दात दोन्ही. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये झोप काळजीचे विस्कटलेले रेशमी धागे सांधते अशी कल्पना आहे. पुष्कळजण तिथल्या ‘स्लीव्ह’चा अर्थ ‘बाही’ समजतात, पण तो तसाच उच्चार असलेला, न पिळलेल्या रेशमाचा शब्द आहे. कॉलेजात वाचलं तेव्हा वर्गात एकट्या माझ्याच डोळ्यांसमोर खरं रेशीम आलं असेल.

आपल्याकडे असा घोटाळा नाही. शिवण उसवते, गाठ सुटते, कोडं उलगडतं. गाठीतही निरगाठ वेगळी, सुरगाठ वेगळी. सोडवण्याचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत.

---

सुईदोरा

सगळ्यांचं वाचून काल रात्री बसले आणि पान पूर्ण केलं. बघा कसं वाटतंय:

‘पिल्लू लोकरीवर गुरगुरलं. गुरगुरता गुरगुरता लोकरीत गुरफटलं. आणि गुरफटता गुरफटता त्याने सगळ्या लोकरीचा गुंता करून ठेवला.’

पुढच्या पानावर:

‘चौकात गाड्यांचा गुंता होऊन बसला होता. आजोबांची बस त्या गुंत्यात अडकून पडली.’

आणि आजी:

‘स्वेटर राहिला, आजोबा राहिले, जेवण राहिलं. आजच्या दिवसाचा कुणी हा गुंता करून ठेवला?’

शेवटच्या प्रश्नावर चित्रात पिल्लू टेबलाखाली आहे. इंग्रजीत आजीचं वाक्य प्रश्न नव्हतं. ‘करून ठेवला’ आल्यावर ‘कुणी’ आपोआप आला, मी मुद्दाम घातला नाही. घाटरस्ता, कोंडीबद्दल माफी असावी.

---

घाटरस्ता

माफी कसली, ‘अडकून पडली’ वाचून माझी बस दिसली मला. फक्त चौकात एक हवालदार काढायला सांगा चित्रकाराला.

---

गणिती_खडू

‘गुरगुरता गुरगुरता’, ‘गुरफटता गुरफटता’ एकामागोमाग आल्यावर वाचणाऱ्याचीच जीभ गुंतते. मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

---

आजोळ_मिरज

छान झालंय. एक विचारते. पुढे ती लोकर सोडवली की नाही? नातवाला आता तेच हवंय.

---

सुईदोरा

सोडवली आजी. शेवटचं पान तेच आहे. नात दोन्ही हात पुढे करून बसलीय, आजी गुंडा करतेय आणि पिल्लू झोपलंय. इंग्रजीत तिथे नुसतं ‘आजीने लोकर सोडवली’ आहे. तुमची हरकत नसेल तर मी ‘टोकाकडून सोडवली’ करते.

---

आजोळ_मिरज

कर. आणि खोबरेल नको घालूस, लोकरीला डाग पडतो.